शेवटचा हप्ता गेला, बोजा मात्र तसाच

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गृहकर्ज फिटले की बहुतेक घरांत 'नो ड्यूज'चा, म्हणजे काही देणे उरले नसल्याचा, कागद देवापुढे ठेवला जातो आणि मग फाइल कपाटात जाते. पाच-सात वर्षांनी घर विकायला काढले की खरेदीदाराच्या बँकेचा वकील सर्च रिपोर्टमध्ये एक ओळ लिहितो : मिळकतीवर अमुक बँकेचा बोजा कायम दिसतो. व्यवहार तिथेच अडकतो. विसार दिलेला असतो, पुढच्या घराचा हप्ता सुरू झालेला असतो. त्यात ज्या शाखेतून कर्ज घेतले ती दुसऱ्या शाखेत मिसळलेली असते, कधी अख्खी बँकच दुसऱ्या बँकेत विलीन झालेली असते. नाशिकमध्ये सध्या जुन्या फ्लॅटची आणि रो-हाउसची खरेदी-विक्री जोरात आहे आणि हा प्रकार वारंवार समोर येतो. म्हणून हे सविस्तर पत्र.

कर्ज फिटते बँकेच्या खात्यात. बोजा मात्र बँकेबाहेरच्या दप्तरांत बसलेला असतो आणि ही दप्तरे एकमेकांशी बोलत नाहीत. केंद्रीय नोंदणी म्हणजे 'सरसाई', दुय्यम निबंधक कार्यालय, सातबारा किंवा मिळकत पत्रिका, सोसायटीचे दप्तर, आणि सिडकोचे घर असेल तर सिडको. एका ठिकाणची नोंद निघाली म्हणून दुसरीकडची निघत नाही. प्रत्येक मिळकतीवर या सगळ्याच नोंदी असतात असेही नाही, त्यामुळे आपल्या घरावर नेमक्या कोणत्या आहेत हे कर्ज फेडण्याआधीच बघून ठेवले तर पुढचे निम्मे काम हलके होते.

आधी शेवटच्या भरण्याबद्दल. मुदतीआधी कर्ज फेडायचे तर बँकेकडून फोरक्लोजरचे पत्र लेखी घ्यावे. त्यावर ठरावीक तारखेपर्यंतची रक्कम आणि त्यापुढचे दर दिवसाचे व्याज लिहिलेले असते. नाशिक रोडच्या प्रेसमधून किंवा ओझरच्या एचएएलमधून निवृत्त होणारी मंडळी ग्रॅच्युइटीची रक्कम हातात आली की एकरकमी कर्ज फेडतात. तेव्हा नेमकी चूक होते ती तारखेची. पत्र पंचवीस तारखेपर्यंतचे आणि पैसे जमा झाले अठ्ठावीसला, तर तीन दिवसांचे व्याज थकते. रक्कम काही शे रुपये, पण खाते बंद होत नाही आणि खाते बंद झाल्याशिवाय पुढचे एकही चाक फिरत नाही. पूर्वी कधी हप्ता परत गेला असेल तर त्याचा दंडही असाच खात्याला चिकटून राहिलेला असतो. टॉप-अप, म्हणजे त्याच घरावर वाढीव कर्ज, घेतले असेल तर त्याचे खाते वेगळे असते आणि तारण तेच घर असते. मूळ कर्ज फेडले आणि टॉप-अप चालू ठेवले तर कागद सुटत नाहीत. बचत खात्यातून हप्ता आपोआप वळता करण्याची एनएसीएच सूचना खाते बंद झाल्याचे लेखी मिळाल्यावरच रद्द करावी. आधी रद्द केली आणि मध्ये एखादा हप्ता अडला तर पुन्हा दंड. वैयक्तिक नावावरच्या, बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जाला मुदतपूर्व फेडीचा आकार लावता येत नाही, हा रिझर्व्ह बँकेचा नियम बँकांना २०१२ पासून लागू आहे. पत्रात तसा आकडा दिसला तर भरण्याआधीच विचारावे.

आता कागदांची मुदत. रिझर्व्ह बँकेने १३ सप्टेंबर २०२३ रोजी दिलेल्या निर्देशानुसार कर्ज पूर्ण फिटल्यापासून ३० दिवसांत सर्व मूळ कागद परत करणे आणि कोणत्याही नोंदणीत चढवलेला बोजा उतरवणे ही कर्ज देणाऱ्या संस्थेची जबाबदारी आहे. १ डिसेंबर २०२३ पासून ज्यांचे कागद परत करण्याची वेळ आली त्या सर्वांना हे लागू आहे. सरकारी व खासगी बँका, नागरी सहकारी बँका, जिल्हा बँका, गृहवित्त कंपन्या, सगळे यात येतात. उशीर संस्थेमुळे झाला असेल तर दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई कर्जदाराला द्यायची आहे. हिशेब साधा आहे : ५ जूनला पूर्ण रक्कम भरली तर ५ जुलैपर्यंत कागद आणि बोजा दोन्ही मोकळे व्हायला हवेत. २५ जुलैला मिळाले तर २० दिवसांचे एक लाख रुपये होतात. मुदत रक्कम फिटल्याच्या तारखेपासून मोजायची, 'नो ड्यूज' छापून झाल्याच्या तारखेपासून नव्हे. ही गल्लत फार होते.

नियमात दोन गोष्टी आहेत आणि लोक पहिलीच लक्षात ठेवतात. कागद मिळाले की प्रकरण संपले असे वाटते. बोजा उतरवण्याचा भाग कुणी विचारतच नाही. म्हणून पैसे भरले त्याच दिवशी शाखेत एक साधा अर्ज द्यावा : कर्ज खाते क्रमांक, भरलेली रक्कम व दिनांक, 'सर्व मूळ दस्तऐवज परत मिळावेत आणि सरसाई तसेच इतर सर्व नोंदणींतील बोजा कमी केल्याचा पुरावा मिळावा' एवढा मजकूर. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही, तारीख घ्यावी. ही पोच पुढे भरपाई मागताना कामाला येते. कागद कुठून घ्यायचे हेही याच अर्जात लिहावे. कर्ज ज्या शाखेत होते तिथून, किंवा कागद जिथे उपलब्ध आहेत अशा त्याच संस्थेच्या दुसऱ्या कार्यालयातून, हा पर्याय कर्जदाराचा आहे. अनेक संस्था मूळ कागद शाखेत ठेवत नाहीत, एका मध्यवर्ती ठिकाणी ठेवतात आणि मागणी गेल्यावर मागवतात. त्यामुळे मागणी उशिरा नोंदवली की कागदही उशिरा निघतात.

कागद ताब्यात घेताना घाई करू नये. कर्ज घेताना बँकेने जमा कागदांची यादी दिलेली असते, ती घरातून शोधून सोबत न्यावी. सापडत नसेल तर बँकेकडून आधी मागून घ्यावी. काउंटरवर बसून एकेक कागद त्या यादीशी ताडावा. मूळ करारनामा किंवा खरेदीखत हातात आल्यावर प्रत्येक पान उलटून बघावे : दुय्यम निबंधकांचा शिक्का, दस्त क्रमांक, पानांचा अनुक्रम. छायांकित प्रत मूळ म्हणून हातात पडण्याचे प्रकार घडतात. रंगीत प्रत असेल तर चटकन कळतही नाही. शिक्क्याची शाई कागदाच्या मागे उमटली आहे का, सहीचा दाब बोटाला लागतो का, हे बघितले की कळते. त्यानंतर नोंदणीची मूळ पावती, इंडेक्स टू (नोंदवलेल्या दस्ताचा गोषवारा), बिल्डरच्या पावत्या, ताबा पत्र, आधीच्या मालकांचे दस्त म्हणजे 'चेन', आणि सोसायटीचा भाग दाखला (शेअर सर्टिफिकेट). चेनमधला एक दस्त राहिला तरी पुढच्या खरेदीदाराची बँक हात आखडता घेते. नाशिकमध्ये अनेक इमारती १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखाली आहेत. तिथे भाग दाखला नसतो, त्याऐवजी डीड ऑफ अपार्टमेंट असते. ते यादीत आहे का हे जरूर बघावे. सुरक्षेपोटी दिलेले कोरे धनादेशही परत मागावेत. यादीतला एखादा कागद मिळाला नसेल तर 'सर्व कागद मिळाले' या पोचपावतीवर सही करू नये. त्यावरच 'अमुक कागद वगळून' असे स्वतःच्या हाताने लिहावे आणि मग सही करावी.

सरसाईबद्दल फार कमी लोकांना माहिती असते. एकाच मिळकतीवर दोन-तीन बँकांकडून कर्ज उचलण्याचे प्रकार थांबावेत म्हणून ही केंद्रीय नोंदणी ३१ मार्च २०११ पासून सुरू झाली. गृहकर्ज देताना बँक आपल्या घराची आणि कर्जाची नोंद तिथे करते आणि फिटल्यावर 'सॅटिस्फॅक्शन'ची, म्हणजे कर्ज फिटल्याची, नोंदही बँकेनेच करायची असते. कर्जदाराला ती स्वतः करता येत नाही. बघता मात्र येते. सरसाईच्या संकेतस्थळावर किरकोळ शुल्क भरून कुणालाही मिळकतीवरून किंवा कर्जदाराच्या नावावरून शोध घेता येतो. कर्ज फिटून महिना झाला की हा शोध घ्यावा आणि अहवाल छापून फाइलला लावावा. शोध घेताना पत्ता दोन-तीन प्रकारे घालून बघावा. नोंद करणाऱ्याने 'सर्व्हे नं.'च्या जागी प्लॉट नंबर टाकलेला असतो, पाथर्डी फाट्याच्या जागी नुसते नाशिक लिहिलेले असते, इमारतीच्या नावाचे स्पेलिंग वेगळे असते. टॉप-अपची वेगळी नोंद असू शकते. मूळ कर्जाची नोंद निघते आणि तिची राहून जाते.

सर्वांत जास्त त्रास होतो तो कर्ज एका बँकेतून दुसरीकडे हलवलेल्यांना. व्याज कमी म्हणून २०१६ मध्ये कर्ज दुसऱ्या बँकेत नेले. नव्या बँकेने जुन्या बँकेचे पैसे भरले, कागद थेट त्या बँकेकडून घेतले. कर्जदाराच्या हाती तेव्हा काहीच आले नाही. पुढे नवे कर्ज फिटले, नव्या बँकेने आपली नोंद काढली आणि जुन्या बँकेची नोंद सरसाईत, सातबाऱ्यावर, सोसायटीत तशीच राहिली. जुन्या बँकेचे कर्ज खाते बंद झाल्याचे पत्र त्याच वेळी घेतलेले असेल तर हे पाच मिनिटांत सिद्ध होते, नसेल तर जुने खाते शोधत शाखांचे उंबरे झिजवावे लागतात. कर्ज हलवणाऱ्यांनी जुन्या बँकेचे 'नो ड्यूज' आणि सरसाईतली नोंद कमी केल्याचा पुरावा त्याच महिन्यात घ्यावा.

दुय्यम निबंधकांकडे काय करायचे ते कर्ज कसे घेतले त्यावर ठरते. बहुतेक गृहकर्जांत गहाणखत नोंदवलेले नसते. मूळ दस्त बँकेकडे ठेवून तारण दिलेले असते, आणि त्याची सूचना, म्हणजे 'नोटीस ऑफ इंटिमेशन', दुय्यम निबंधकांकडे ३० दिवसांत दाखल करावी लागते. महाराष्ट्रात ही तरतूद २०१३ पासून अमलात आहे. कर्ज फिटल्यावर ही नोटीस आपोआप पुसली जात नाही. वकील शोध घेतो तेव्हा ती दिसतेच, आणि तिला उत्तर देणारा कागद आपल्याकडे असावा लागतो. म्हणून बँकेच्या 'नो ड्यूज'मध्ये नुसते 'कर्ज फिटले' एवढे पुरत नाही. मिळकतीचे पूर्ण वर्णन, कर्जाची रक्कम, नोटिशीचा क्रमांक व दिनांक आणि 'या मिळकतीवर आमचा कोणताही हक्क अथवा बोजा राहिलेला नाही' हे वाक्य त्यात मागून घ्यावे. नोटिशीची पावती कर्ज घेतानाच्या कागदांत असते, तिच्यावर क्रमांक मिळतो.

गहाणखत प्रत्यक्ष नोंदवलेले असेल तर मात्र नुसते पत्र चालत नाही. गहाण सोडवल्याचा दस्त, म्हणजे रिकन्व्हेयन्स डीड, मुद्रांकावर करून नोंदवावा लागतो आणि त्यावर बँकेच्या अधिकार असलेल्या अधिकाऱ्याची सही लागते. त्या अधिकाऱ्याच्या अधिकारपत्राची प्रत आधी मागून घ्यावी, नाहीतर ऐन नोंदणीच्या दिवशी रांगेतून परत यावे लागते. असा दस्त मागण्याचा हक्क कर्जदाराला मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ६० नुसार आहे. खर्च मात्र कर्जदाराचा. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांनी खात्याकडून घरबांधणी अग्रिम घेतला असेल तर गहाणखत भारताच्या राष्ट्रपतींच्या नावे असते. पगारातून वसुली पूर्ण झाली की अनेक जण त्याला विसरून जातात. निवृत्तीआधीच कार्यालयाकडून रिकन्व्हेयन्स करून घ्यावा. निवृत्तीनंतर जुनी फाइल शोधून काढणे फार जड जाते.

आता सातबारा. म्हसरूळ, मखमलाबाद, आडगाव, पाथर्डी या भागांत एन.ए. प्लॉटवर बंगला किंवा रो-हाउस असेल तर प्लॉटचा स्वतंत्र सातबारा असतो आणि त्यातल्या 'इतर हक्क' रकान्यात बँकेचे नाव, रक्कम आणि फेरफार क्रमांक असलेली बोज्याची ओळ असते. ही ओळ काढण्यासाठी नवा फेरफार, म्हणजे हक्कनोंदीतल्या बदलाची नोंद, लागतो. बँकेच्या पत्रासह तलाठ्यांकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्यांकडे, अर्ज द्यावा किंवा घरबसल्या महसूल खात्याच्या ऑनलाइन 'ई-हक्क' प्रणालीत 'बोजा कमी करणे' हा प्रकार निवडून पत्र जोडावे. अर्जानंतर फेरफार तयार होतो, नोटीस निघते, हरकतीसाठी १५ दिवस जातात आणि मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. अर्ज कुठपर्यंत आला ते 'आपली चावडी' या संकेतस्थळावर गावाचे नाव टाकून बघता येते. एकूण महिन्याभराचा हिशेब धरावा. विक्री ठरलेली असेल तर विसार घेण्याआधीच हे काम सुरू करावे.

अर्ज नामंजूर होतात किंवा नुसते पडून राहतात त्याची कारणे बहुतेक वेळा बँकेच्या पत्रातच असतात. पत्रात फ्लॅट किंवा बंगल्याचा पोस्टाचा पत्ता असतो. सर्व्हे नंबर, पोटहिस्सा आणि प्लॉट नंबर नसतो. तलाठ्याला नोंद शोधायची असते ती सर्व्हे नंबरवरून. बोजा चढवल्याचा फेरफार क्रमांक पत्रात नसतो. रक्कम जुळत नाही : सातबाऱ्यावर १८ लाखांची एक ओळ आणि टॉप-अपच्या ४ लाखांची दुसरी, आणि पत्रात फक्त पहिलीचा उल्लेख, मग एकच ओळ निघते. बँकेचे नाव बदललेले असते. सातबाऱ्यावर देना बँक असते आणि पत्र बँक ऑफ बडोदाचे येते, कारण १ एप्रिल २०१९ ला देना आणि विजया बँक तिच्यात विलीन झाल्या. पुढच्या वर्षी सिंडिकेट कॅनरात गेली, अलाहाबाद इंडियन बँकेत, आंध्र आणि कॉर्पोरेशन युनियन बँकेत. २०२३ मध्ये एचडीएफसी ही गृहवित्त कंपनी एचडीएफसी बँकेत आली. अशा वेळी पत्रात 'पूर्वीची अमुक बँक, आता विलीनीकरणानंतर' असे स्पष्ट लिहून घ्यावे, म्हणजे तलाठी कार्यालयाला शंका राहत नाही. सोपा उपाय असा की बँकेत पत्र मागायला जातानाच चालू सातबाऱ्याची प्रत न्यावी, बोज्याच्या ओळीखाली पेन्सिलने रेघ मारावी आणि 'याच शब्दांत, याच क्रमांकांसह पत्र द्या' असे सांगावे.

फेरफार प्रमाणित झाल्यावर नवा डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा काढावा. १५ रुपये लागतात. आताच्या नमुन्यात कमी झालेला बोजा दिसेनासा होत नाही, त्या ओळीवर आडवी रेष येते. ती रेष आहे का, आणि खाली 'प्रलंबित फेरफार'पुढे 'नाही' आहे का, हे डोळ्यांनी बघावे. रेष नसेल तर बोजा अजून आहे असेच समजावे.

फ्लॅटवाल्यांचे थोडे वेगळे. इमारतीची जमीन बिल्डरच्या, मूळ मालकाच्या किंवा सोसायटीच्या नावे असते, त्यामुळे एकेका फ्लॅटच्या कर्जाची ओळ सातबाऱ्यावर सहसा नसते. पण तिथे कधी बिल्डरने प्रकल्पासाठी घेतलेल्या कर्जाचा बोजा दिसतो. आपले कर्ज फिटले म्हणून तो निघत नाही आणि त्यासाठी आपल्या बँकेकडे जाऊनही उपयोग नाही. तो बिल्डर आणि त्याच्या बँकेचा विषय आहे. सोसायटीने एकत्र येऊन बिल्डरकडून त्याच्या बँकेचे बोजामुक्तीचे पत्र मागावे.

पंचवटी, जुने नाशिक अशा सिटी सर्व्हे झालेल्या भागात मिळकत पत्रिका बघायची. बोजा तिच्या 'इतर भार' रकान्यात असतो आणि तो कमी करण्याचा अर्ज नगर भूमापन कार्यालयात जातो. काही भागांत पत्रिका आणि सातबारा दोन्ही चालू राहिलेले असतात. तिथे दोन्ही उतारे काढून बघावेत, कारण एकावरची नोंद निघाली तरी दुसऱ्यावर राहते.

सोसायटीचे काम सर्वांत सोपे आणि तरी सर्वांत दुर्लक्षित. कर्ज देताना बँक सोसायटीला पत्र लिहिते आणि सोसायटी सभासदाच्या नोंदीपुढे बँकेचा बोजा लिहून ठेवते. फिटल्यावर बँकेचे सोसायटीच्या नावे स्वतंत्र पत्र घ्यावे, चिटणिसांकडे द्यावे आणि नोंद कमी केल्याचे सोसायटीचे पत्र परत घ्यावे. सिडकोच्या सहा योजनांतली घरे भाडेपट्ट्यावरची. गहाण ठेवताना सिडकोची ना हरकत घेतलेली असते, तेव्हा कर्ज फिटल्याचे बँकेचे पत्र सिडकोच्या कार्यालयातही देऊन पोच घ्यावी.

बँकेकडून कागद हरवले किंवा खराब झाले तर कर्जदाराने हात चोळत बसू नये. नियमानुसार दस्तांच्या प्रमाणित प्रती मिळवून देण्यास मदत करणे आणि त्याचा खर्च सोसणे ही संस्थेची जबाबदारी आहे. त्यासाठी तिला आणखी ३० दिवस मिळतात, म्हणजे एकूण ६० दिवसांनंतर रोजची ५,००० रुपयांची भरपाई सुरू होते. कागद बँकेच्या ताब्यात असताना गहाळ झाल्याचे बँकेच्या लेटरहेडवर लेखी घेणे ही यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट. त्या पत्राच्या आधारे पोलिसांत गहाळ झाल्याची तक्रार, वृत्तपत्रात जाहीर नोटीस, दुय्यम निबंधकांकडून दस्ताची प्रमाणित प्रत आणि सोसायटीकडून भाग दाखल्याची दुसरी प्रत, असा क्रम असतो. पुढचा खरेदीदार 'मूळ कागद दुसरीकडे गहाण तर नाही ना' हे विचारणारच. त्याला दाखवायला बँकेचे ते पत्रच लागते.

कर्जदार हयात नसेल तर वारसांना कागद कसे द्यायचे याची पद्धत संस्थेने ठरवून आपल्या संकेतस्थळावर दिलेली असली पाहिजे. ती वाचूनच शाखेत जावे. सहकर्जदार मुलगा परदेशी असेल तर बँक त्याची सही किंवा अधिकारपत्र मागते. शेवटचा हप्ता भरण्याआधी तेवढे करून ठेवले तर ३० दिवस वाया जात नाहीत, आणि उशीर कर्जदारामुळे झाला असे म्हणायला जागा राहत नाही.

क्रेडिट अहवालात खाते 'बंद' दिसते का हे दीड-दोन महिन्यांनी बघावे. हे अहवाल देणाऱ्या प्रत्येक क्रेडिट माहिती कंपनीकडून वर्षातून एक अहवाल मोफत मिळतो. जामीनदारालाही त्याचा अहवाल बघायला सांगावे. तारण म्हणून एलआयसीची पॉलिसी बँकेच्या नावे केली असेल तर ती परत आपल्या नावे करून घ्यावी.

तक्रार करायची वेळ आली तर आधी संस्थेच्या तक्रार निवारण कक्षाकडे लेखी, आणि ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा उत्तराने समाधान झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे, ऑनलाइन. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. गृहवित्त कंपनी असेल तर राष्ट्रीय आवास बँकेकडे. जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्ग दोन वर्षांपर्यंत खुला असतो. पतसंस्थेचे कर्ज असेल तर रिझर्व्ह बँकेचा हा नियम तिला लागू नाही, ती सहकार खात्याखाली येते. तक्रार सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे करावी. नाशिक जिल्ह्यात पतसंस्थांचे जाळे मोठे आहे, त्यामुळे हा फरक ध्यानात ठेवलेला बरा.

हे सगळे लिहिताना एक गोष्ट मनाला लागते. पंधरा-वीस वर्षे नियमाने हप्ते भरणाऱ्याला शेवटी तीन-चार कार्यालयांत जाऊन आपण कर्ज फेडले आहे हे पुन्हा पुन्हा सिद्ध करावे लागते. बोजा चढवताना बँक जितकी तत्पर असते तितकी उतरवताना का नसावी? कर्ज देताना बँकेकडे सर्व्हे नंबर, फेरफार क्रमांक, सोसायटीचे नाव, नोटिशीचा क्रमांक, सगळे असते. त्याच फाइलवरून कागद परत देताना चार पत्रे तयार करून हातात ठेवणे अवघड नाही : मिळकतीच्या पूर्ण वर्णनासह बोजामुक्तीचे प्रमाणपत्र, तलाठी किंवा नगर भूमापन कार्यालयाला पत्र, सोसायटीला पत्र, आणि सरसाईतली नोंद कमी केल्याचा छापील पुरावा. 'ई-हक्क'मध्ये बोजा कमी करण्याचा अर्ज बँकेनेच दाखल करावा, असा आग्रह जिल्हा अग्रणी बँकेच्या बैठकीत जिल्हाधिकाऱ्यांनी धरावा, अशी आमची विनंती आहे. तोपर्यंत ज्यांचे कर्ज गेल्या काही वर्षांत फिटले आहे त्यांनी या आठवड्यात आपला सातबारा किंवा मिळकत पत्रिका काढावी आणि सरसाईत एकदा शोध घ्यावा. ज्या शाखेने कर्ज दिले ती अजून चालू आहे आणि ओळखीचा अधिकारी तिथे आहे, तोवर हे काम लवकर होते.

आपले,
गृहकर्ज व दस्त नोंदणीच्या कामातील काही वाचक,
इंदिरानगर, नाशिक
(नावे व पत्ते संपादकांकडे)